साळुबाईचा गळपट्टा

पत्र्याला आग दाखवायची नाही, हा माझ्या वडिलांचा हट्ट होता आणि आता माझा आहे. गॅस लावला की वरचं जस्त जळतं, मग पत्रा गंजतो. म्हणून शेतात राबणाऱ्यांची मान बिबट्यापासून वाचवणारे खिळ्यांचे पट्टे मी जुन्नरच्या दुकानात नुसत्या हातोड्याने, थंडच वळवतो. पथ्य एकच. वाकवलेली जागा सरळ करून पुन्हा तिथेच वाकवायची नाही. पत्रा आतून चिरतो आणि वरून काही कळत नाही.

पिंपळवंडीची साळुबाई नवा पट्टा घेऊन परत आली. "निजामभाई, कानाखाली लई टोचतंय. खुरपताना वाकता येत न्हाई."

दुकानात गर्दी होती, माझं डोकं फिरलेलं. तुम्हा बायकांना सगळंच टोचतं, असं मी चारचौघांत म्हणालो. नवी पट्टी कापायला हवी होती, कापली नाही. तीच रागारागाने ठोकून सरळ केली आणि तिथेच पुन्हा वाकवली. ती पट्टा घालून समाधानाने गेली.

पंधरा दिवसांनी तिचा नवरा कुंडलिक आला. डोकं भादरलेलं. पट्ट्याचे दोन तुकडे त्याने ऐरणीवर ठेवले.

"कांद्यात खुरपत व्हती. मागनं आला. मी कुदळीनं त्याच्या पाठीत घाव घातले, पाच-सहा, तरी सोडंना. पट्टा कडकन मोडला अन् दात आत गेले. उसात वढत नेली. सापडली तवा जीव गेला व्हता." त्याने तुकडे माझ्याकडे सरकवले. "तुमचा दोष न्हाई, भाई. जनावरच दांडगं व्हतं. नातीला एक करून द्या. श्रेयाची मान बारीक हाय."

मी तुकड्यांची कड पाहिली. पट्टी बरोबर मी दोनदा वाकवलेल्या घडीवर तुटली होती. गप्प बसलो असतो तरी चाललं असतं, पण त्याचा समजूतदारपणा मला सहन होईना.

"जनावराने नाही मोडला. मीच मोडका दिला," म्हणालो आणि सगळं सांगितलं.

त्याने शेवटपर्यंत ऐकलं. मग हातोडा उचलला. माझा उजवा हात ऐरणीवर होता, तो मी काढला नाही. पहिल्या घावात बोटं चेचली. दुसरा मनगटावर बसला आणि हाड बाहेर आलं. मी ओरडत होतो, तरी हात तिथेच होता. तिसरा घाव त्याने उगारला आणि खाली आणलाच नाही.

माझ्या हाताकडे बघत तो मटकन बसला.

"आता श्रेयाचा पट्टा कुणी करायचा?" तो म्हणाला.