मुंगीच्या बाजूचा झेंडा

मिनिटकाटा बाराला पोचायला थोडा अवकाश असताना पत्र्याच्या एका चिमुकल्या लाल पट्टीला खालून टेकतो. पट्टी उचलली जाते, हळूहळू आडवी होते, काट्याच्या टोकावर किंचित थरथरते आणि बरोबर बाराला सुटून पडते. तिला झेंडा म्हणतात. ज्याचा झेंडा पडला, तो हरला.

मित्रांनो, मी बुद्धिबळाच्या डावाचे एक जुने घड्याळ आहे. एका लाकडी पेटीत दोन तबकड्या आणि वर दोन खटके. चाल केली की आपला खटका दाबायचा. आपला वेळ थांबतो, समोरच्याचा सुरू होतो. एका कारागिराने डोळ्याला भिंग लावून माझी चाके बसवली. मोठमोठे खेळाडू माझ्या अचूकपणाचे कौतुक करत. पुढे आकडे दाखवणारी घड्याळे आली आणि मी कपाटात फाटक्या पटांखाली पडून राहिले. कॉलेजची काही मुले दर शनिवारी लहानांना बुद्धिबळ शिकवू लागली, तेव्हा त्यांच्यातल्या एका ताईने मला बाहेर काढले, तेल घातले, चावी दिली. मला केवढा आनंद झाला! पण त्याच दिवसापासून मला भीतीही वाटू लागली.

भीती मुंगीची. वर्गातली सर्वांत लहान, म्हणून ती मुंगी. ताईचा एक नियम होता: चाल ठरेपर्यंत दोन्ही हात मांडीखाली. हात लावलेली सोंगटी हलवावीच लागते, म्हणून. उतावळी मुले त्यामुळे सुधारली. मुंगी मात्र उतावळी नव्हतीच. तिचे हात मांडीखाली गेले की बाहेर येईनात. चाल दिसे, ओठ हलत, आणि झेंडा पडे. तो मला धरून ठेवता येत नाही हो.

"इतकी घाबरतेस तर सोडायचं का?" तिची आई दर वेळी विचारी. मुंगी खांदे उडवी.

एका शनिवारी आई म्हणाली, "आज घरी जायच्या आधी काय ते सांग. मग मी विचारणार नाही."

त्या दिवशी मुंगीसमोर बुलेट बसला होता. वर्गात सर्वांत वेगाने खेळणारा, म्हणून तो बुलेट. चाल केली की तो खटक्यावर हात आपटी. माझे स्क्रू हलत.

"मुंगे, झोपलीस का? कुणीतरी उठवा रे हिला!"

"बुलेट, तोंड बंद," ताई म्हणाली. पडलेले प्यादे उचलायला ती वाकली आणि तशीच थबकली. मुंगीची बोटे मांडीखाली पांढरीफटक पडली होती.

"हात काढ बाहेर."

"पण ताई, नियम..."

"तो हात शिवशिवणाऱ्यांसाठी होता गं. तुला लावायलाच नको होता. चुकलं माझं."

मुंगीने हात टेबलावर ठेवले. तळव्यांवर खुर्चीच्या वेताची जाळी उमटली होती. मग तिने घोडा उचलला. राजाला शह, शिवाय वजिरावर डोळा! बुलेटचा चेहरा उतरला. मुंगी आनंदाने पटाकडे बघत राहिली.

आणि खटका दाबायचाच राहिला.

तिच्या बाजूचा काटा चालतच होता. बुलेटने ते पाहिले आणि तिच्या काट्यावर नजर लावली. डाव चालू असताना बाहेरच्याने सांगायचे नसते. ताईने ओठ घट्ट मिटले. झेंडा आडवा झाला. दाब, अगं दाब! पण मला टिकटिकीपलीकडे भाषा नाही. माझे प्रत्येक चाक त्या झेंड्याला वर ढकलत होते.

पडला.

"पडला! जिंकलो!" बुलेट ओरडला.

मित्रांनो, मला तेल द्या, धुळीपासून जपा, एवढेच मी मागणार होते. आता आणखी एक मागते. मला चावी देण्याआधी समोर बसलेल्याचे हात कुठे आहेत, तेही बघत जा.

आई दारात आली. तिने पट पाहिला, माझा पडलेला झेंडा पाहिला. "मग? सोडायचं ना?"

मुंगीच्या डोळ्यांत पाणी होते. पण या वेळी तिने खांदे उडवले नाहीत.

"नाही सोडणार, आई. पुढच्या शनिवारी मी बुलेटशीच खेळणार."