राशीच्या पोटातली ऊब

मैदानामागच्या ढिगाला कुणी ढीग म्हटलेलं आत्याला खपत नसे. खताची रास म्हणायचं. विद्यापीठाच्या सगळ्या कॅन्टीनचं उष्टं आणि सगळ्या झाडांचा पाचोळा तिथे येऊन हत्तीएवढा उंच होऊन बसला होता. आत्या विद्यापीठाची पर्यावरण प्रमुख. या राशीपायी तिने विद्यार्थ्यांची मनधरणी केली, प्राध्यापकांशी भांडणं केली आणि चांगल्या चपलांची वाट लावली. आज सकाळी कुलसचिव पाहणीला येणार होते. तिथे खत होत नाही, नुसती घाण साठतेय असं त्यांना दिसलं, तर ती जागा पार्किंगला जाणार होती.

सुट्टीला आलेली तिची भाची एका जागी कधी टिकायची नाही, म्हणून घरात सगळे तिला भिंगरी म्हणत. कडाक्याच्या थंडीत ती आत्याच्या पुढे धावत तिथे पोहोचली आणि थबकली. रास नखशिखांत निथळत होती. शेजारी वॉचमनकाका पाण्याचा जाड पाइप धरून लढाई जिंकल्यासारखे उभे होते.

"विझवली, मॅडम," ते म्हणाले. "केवढा धूर निघत होता. कुणाला विचारत बसलो नाही."

आत्याच्या तोंडचं पाणी पळालं. कॅम्पसमध्ये पाचोळा जाळायचा नाही हा नियम तिचाच. धूर दिसला की आधी पाणी मारा, मग मला फोन करा, हेही काकांकडून तिनेच घोकून घेतलं होतं. पण हा धूर नव्हता. थंडीत राशीतून निघणारी वाफ होती, आणि तीच आज साहेबांना दाखवायची होती. आता काकांना बोलायची सोयच उरली नव्हती. तुमचं काही चुकलं नाही, एवढं त्यांना सांगून ती कट्ट्यावर बसली.

कुलसचिव नाकाला रुमाल लावूनच गाडीतून उतरले. भिजलेल्या राशीला असा वास सुटला होता की रुमालाला नावं ठेवायला जागा नव्हती. त्यांनी दोन बोटं टेकवली. गार. आत्याने घडलं ते सगळं सांगितलं. ऐकताना त्यांच्या मिशा हलल्या, मान काही हलली नाही. सोबतच्या कारकुनाला त्यांनी पार्किंगच्या कामाला लागायला सांगितलं.

मोठ्यांच्या मध्ये बोलू नये, म्हणून भिंगरी बोललीच नाही. तिने कट्ट्याला टेकवलेलं लांब दातांचं दाताळं उचललं आणि राशीच्या कुशीत खुपसलं. काकांना काय वाटलं कोण जाणे, त्यांनीही पाइप टाकून फावडं घेतलं. आधी लिबलिबीत पानं निघाली, मग संत्र्याच्या साली, मग काहीतरी काळं, भुसभुशीत, अजिबात न भिजलेलं. भिंगरीने जोर लावून दाताळं ओढलं मात्र, आतून फस्सकन वाफ उसळली. पांढरीशुभ्र, दाट. त्या वाफेत काका दिसेनासे झाले, मागची ग्रंथालयाची इमारतही गेली. सुटलेला वास घाणीचा नव्हताच, दाट रानातल्या मातीचा होता.

तिने आत हात घातला आणि झटकन मागे घेतला. चांगलंच कढत होतं. ना जाळ, ना वायर. कुणीतरी अर्धा टाकलेला पाव आणि झाडांना नकोशी झालेली पानं, बस्स. झोपलेल्या एखाद्या अजस्र प्राण्याच्या पोटाला आपण हात लावला, असं तिला वाटलं.

कुलसचिवांचा रुमाल केव्हाच खिशात गेला होता. चष्म्यावर वाफ धरलेली तशीच ठेवून त्यांनी बाही दुमडली आणि हात आत सरकवला.

"आतून कोण तापवतं हे?" त्यांनी हळूच विचारलं, कुणाची झोपमोड होऊ नये अशा बेताने.

"डोळ्यांना न दिसणारे जीव," आत्या म्हणाली. "चिमूटभरात आपल्या सगळ्या विद्यापीठापेक्षा जास्त असतील. ते खातात, वाढतात, त्याचीच ही ऊब."

"एवढं पाणी मारूनही?"

"मीही आत्ताच बघतेय, सर."

मग कुलसचिवांनी मान न वळवताच पार्किंगसाठी दुसरी जागा शोधायला सांगितलं. ही रास इथेच राहील म्हणाले. कारकून तेव्हा पलीकडच्या बाजूने कोपरापर्यंत आत हात घालून उभा होता.