पाऱ्याला कळलेली भीती

मित्रांनो, कपाटात कापसाच्या गठ्ठ्यांमागे जी धूळ खात पडलेली लोखंडी पेटी दिसते ना, तो मी, एक जुना रक्तदाबमापक. लोक मला नुसते 'बीपीचं मशीन' म्हणत. काचेच्या नळीत पारा, एक कापडी पट्टा आणि एक रबरी फुगा, एवढाच माझा संसार.

कारखान्याच्या दवाखान्यात मी वीस वर्षे काढली. सिस्टर मला रोज पुसत. डॉक्टर चारचौघांत माझी तारीफ करत, तेव्हा कोणी न दाबताही माझा फुगा फुगल्यासारखे वाटे! पण माझ्याकडे आनंदाने कोणी पाहिले नाही. पट्टा गुंडाळला की दंड ताठ होई, तळहात गार पडत, अंगावर काटा येई. भीतीने काळीज जोरात धावू लागते, रक्ताच्या वाटा आवळतात आणि माझा पारा वर चढतो. हजारो दंड धरले, पण मैत्री एकाशीही जमली नाही.

एक क्रेनवाले काका होते. क्रेन म्हणजे त्यांचा जीव की प्राण. तपासणीत पारा तीनदा ठरलेल्या रेषेच्या वर गेला की क्रेन चालवणे बंद, असा नियम होता. पहिल्यांदा ते शिडी उतरून धावतच आले आणि डॉक्टरांनी लगेच पट्टा बांधला. पारा वर गेला. दुसऱ्यांदा ते क्रेन जाण्याची धास्ती घेऊनच आले आणि पारा पुन्हा वर गेला. तिसऱ्यांदा त्यांनी आल्याआल्या विचारले,

"सिस्टर, घोटभर पाणी देता?"

"आधी बीपी. बाहेर रांग बघा केवढी आहे," डॉक्टर म्हणाले.

पट्ट्याखाली त्यांची नाडी नुसती उडत होती. त्यांना जरा बसू द्या, असे मला ओरडून सांगायचे होते. पण मला वाचा कुठली? पारा एकशे सत्तरवर गेला आणि काकांची बदली फाटकावर झाली.

सहा महिन्यांनी ते बोटाची पट्टी बदलायला आले. सिस्टरशी गप्पा मारत बसले. सिस्टरनी सहज मला त्यांच्या दंडाला बांधले. एकशे चोवीस. पुन्हा बांधले, तरी तेवढेच.

"गोळी चालू केलीत का, काका?" डॉक्टरांनी विचारले.

"छे हो. आता कशाला घाबरू? क्रेन तर गेलीच."

डॉक्टरांनी खिडकीतून क्रेनकडे पाहिले. क्रेनवर तोवर दुसरा माणूस बसला होता.

त्या दिवशी मला फार एकटे वाटले. मित्रांनो, कोणाच्याही दंडाला पट्टा बांधण्याआधी त्याला पाच मिनिटे निवांत बसू द्या आणि विचारा, "घाबरलात का?" वीस वर्षे माणसांचे दंड धरून मी हेच विचारायला धडपडत होतो.