घंटेमागची शांतता

चंद्रकांताने काशाची घंटा आप्पांच्या जुन्या धोतरात गुंडाळली, शेजारी लाकडी दांडी ठेवली आणि वरून सुतळीच्या गाठी मारल्या. दहाच्या एसटीने ती शिरगावच्या देवळात नेऊन द्यायची, असं तिने ठरवून टाकलं होतं.

आप्पांना जाऊन दीड महिना झाला होता. येवल्याहून तारापूरला आलेले तिचे वडील नरहरी आप्पा अणुवीज केंद्राच्या बांधकामावर नकाशे काढत. कामावर जाण्याआधी रोज खिडकीशी बसून ते या घंटेवर एकच टोला देत. गुरूंनी दिलेली साधना तेवढीच. नादाच्या मागोमाग जायचं, तो विरतो तिथे मनातल्या मनात बीजमंत्र ठेवायचा, मग मंत्रही सोडून द्यायचा. उरेल त्यात बसायचं. उठताना मात्र ते इतक्या मोठ्याने खाकरत की चंद्रकांता चिडायची.

"एवढी शांतता मिळवायची आणि अशी मोडायची?"

"लोक खोळंबतात," आप्पा म्हणत. चहासाठी थांबलेल्या आपल्याबद्दलच हे असावं, असं तिला वाटे.

शेवटच्या आजारात त्यांनी तिला मंत्र दिला आणि म्हणाले, "आता तू चालव."

ती चालवत होती. पण घंटा विरायच्या आत शेजारच्या अंगणातलं सासूसुनेचं भांडण घरात यायचं, मंत्राच्या जागी आप्पांचं रिकामं आसन दिसायचं आणि ती उठायची. नादावरची पुस्तकं तिने मागवून वाचली. वाचताना सगळं कळे, बसलं की काहीच साधत नसे. मग घंटा घरात ठेवून करायचं काय?

"चंदा, घंटेला ताप आला काय गो? पांघरून घेऊन निजलीय ती!"

दारात शेजारची गोदूबाई उभी होती, कमरेवर ओल्या बोंबलांची टोपली. चंद्रकांताने हसू आवरलं.

"देवळात देतेय, गोदूमावशी."

"देवळात? मग आमी काय करायचं?"

"तुम्ही?"

"आप्पांची घंटा वाजली की माजी सून तोंड मिटायची. घंटेमागनं बोललं तर जाळ्यात मासा येत नाय, असं मीच सांगितलंय तिला. दिसभरात माज्या कानांना तेवढाच इसावा. आता बोंबील सुकले, पन तिची जीभ काय सुकत नाय."

"ऐकू येतंय मला, आय!" अंगणातून मैनाचा आवाज आला. "माशाची थाप बी ठाऊक हाय मला. तुमी गप बसता म्हनून मी बसायची!"

"बघ. हे असं."

"पण मी रोज वाजवते, मावशी."

"खिडकी लावून? मग ऐकनार कोन, तुजी उशी?"

येणारीजाणारी माणसं आत डोकावून हळहळत, म्हणून सुतकात चंद्रकांताने ती खिडकी लावली होती. नंतर ती उघडायची राहूनच गेली. गोदूबाईने टोपली उंबऱ्यावर टेकवली, आत येऊन खिडकीची कडी काढली, दोन्ही झडपा ढकलल्या आणि टोपली उचलून अंगणात निघून गेली.

चंद्रकांताने घंटा पुढ्यात ओढली. मग तिने गाठी सोडल्या.

टोला पडला. नाद खिडकीतून बाहेर गेला, बांबूच्या वलांडीवर टांगलेल्या बोंबलांवरून पुढे, समुद्राकडे. ती त्याच्या मागे गेली. तो बारीक होत होत कुठे संपला ते तिला कळलं नाही, तिथेच तिने मंत्र ठेवला. मग तोही सोडला. आप्पांचं आसन आजही रिकामंच दिसलं. पण ती उठली नाही.

किती वेळ गेला कोण जाणे. तिने डोळे उघडले, तरी बाहेर शब्द नव्हता. मैनाच्या हातातला बोंबील वलांडीपाशी अर्ध्यात थांबला होता. गोदूबाई पदर तोंडाला लावून उभी होती. कुंपणापलीकडे एक बाई कमरेवरची कळशी सावरत होती. सगळ्यांचे डोळे खिडकीकडे होते.

ही सगळी कशासाठी थांबली आहेत, हे चंद्रकांताला कळेना. आणि मग कळलं.

ती आप्पांसारखी ताठ बसली आणि मोठ्याने खाकरली.

"तर काय सांगत होते मी, आय," मैनाने बोंबील बांबूवर अडकवला, "ते सूप माज्या माहेरचं हाय!"