हमूटलची ओळ

पाचव्या महिन्यातल्या उपासाच्या दिवशी बाबेलच्या कालव्याकाठी, कैद करून तिथं आणलेली यहूदाची माणसं मातीत बसत आणि बाबेलच्या फौजेनं जाळलेल्या आपल्या नगरासाठी विलाप गात. ज्या घरचं माणूस मारलं गेलं, त्या घरानं शेवटी वैऱ्यासाठी आपली एक ओळ म्हणायची. हवं तितकं वाईट मागावं, कुणी कानांवर हात ठेवत नसे. मात्र एकदा मागितलं की सूड परमेश्वराचा. माणसानं मग हात उचलायचा नाही.

हमूटल नऊ वर्षं मिठाची गुळणी धरून बसली होती.

"काय गं, बाबेलचे खजूर गोड लागले वाटतं?" शेजारची पनिन्ना म्हणायची. "पोराला विसरलीस?"

विसरते कसली! तिच्या अमोसला नगराच्या वेशीवर भोसकणारा बाबेलचा तुटक्या कानाचा शिपाई इद्दिन आता म्हातारा होऊन पलीकडच्याच मळ्यात राहत होता. लढाईच्या चाकरीबद्दल राजानं दिलेली जमीन. रोज दुपारी तो हमूटलकडे पाणी मागे. तिला त्यानं ओळखलंही नव्हतं. ती रोज अमोसच्या विळ्याला धार लावी आणि रोज उद्यावर ढकली. आत काहीच हलत नसे, रागसुद्धा नाही.

काल मात्र तो ओंजळीवर वाकलेला असताना तिनं विळा घेतला. हात उठेचना.

"आई, अजून घोटभर," तो म्हणाला.

म्हणून आज, म्हाताऱ्या अहिकामबाबांनी "कुणाची ओळ राहिली?" असं विचारताच ती म्हणाली, "माझी."



"देवा, माझ्या अमोसला मारणारा तहानेनं तडफडू दे. त्याला घोटभर पाणी द्यायला कुणी उरू नये."

"आमेन," सगळे म्हणाले. तिला मोकळं वाटलं नाही. काहीच वाटलं नाही.

"बाबा, त्याला पाणी नाकारलं तर?"

"तेही हात उचलणंच झालं, पोरी. आता ते देवाचं काम. तू मध्ये पडू नकोस."

दुसऱ्या दिवशी सकाळी तिनं विळा पनिन्नाला देऊन टाकला. अमोसचं तेवढंच काय ते उरलं होतं.

दुपारी इद्दिन आला. रिकाम्या हातांचं काय करावं ते कळेना, म्हणून तिनं दोन्ही हातांनी घडा उचलला.

"आई, तुला मूलबाळ?"

"होतं," हमूटल म्हणाली आणि त्याचं पोट भरेपर्यंत पाणी ओतत राहिली.