ढोल्याचा पिक्चर

ढोल्याचा पिक्चर विजयमालानंच सुचवला होता, हे आधीच सांगून टाकलेलं बरं. नंतर गावानं तेवढंच लक्षात ठेवलं.

त्या वर्षी दारव्ह्याकडच्या गावांत कापसापेक्षा पाहुण्यांचं पीक जोरात होतं. आत्महत्या झालेल्या घरांत पुढारी येत, पत्रकार येत, कोणी फोटो काढी, कोणी डोळे पुसून गाडीत बसे. कॅमेऱ्यापुढं पदर कसा घ्यायचा हेसुद्धा बायांना पाठ झालं होतं. कापसाच्या भावाबद्दल तेवढं कोणी चकार शब्द काढत नव्हतं. त्यातच यवतमाळहून एका संस्थेचा साहेब आला. गळ्यात ओळखपत्र, हातात फलकाची गुंडाळी. फलक उलगडून त्यानं समाजमंदिराच्या भिंतीला लावला: 'हसत राहा, शेतकरी राजा.' म्हणाला, शेतकऱ्याच्या मनावर ताण आहे, ताण हसण्यानं जातो, म्हणून आम्ही गावोगावी विनोदी चित्रपट दाखवतो.

ताण म्हणे! विजयमालाच्या तळपायाची आग मस्तकात गेली. बाया मागं बसल्या होत्या, त्यातून ती उभी राहिली.

"साहेब, आमच्या कापसाले भाव द्या, मंग पाहा आमी कसे हासतो थे. त्याले पिक्चर नाई लागत."

"अगदी बरोबर आहे ताई," साहेब म्हणाला आणि हसला. 'बरोबर आहे' म्हणणाऱ्या माणसाशी भांडता येत नाही, याचा तर तिला आणखीच संताप आला. पण साहेबानं पुढं विचारलं, "तुम्हा लोकांच्या आवडीचा एखादा जुना पिक्चर आहे का? तोच आणू." आणि विजयमालाच्या मनात सुरभी आली.

सुरभी म्हणजे तिच्या पुतण्याची, अमरची बायको. मधे एक भिंत, अलीकडं विजयमालाचं घर, पलीकडं तिच्या धाकट्या जावेचं. पोळा झाल्यावर अमर वावरात गेला आणि कपाशीवर मारायचं औषध पिऊन तिथंच पडला. तेव्हापासून सुरभी मुकी झाल्यासारखी झाली होती. काम करी, सासूनं हाक मारली की उठे, बोलायची वेळ आली की मान हलवी. आणि गावानं काय म्हणावं? 'बायकोच्या तोंडापायी गेला.' ज्या पोरीनं कधी कोंबडी हुसकताना आवाज चढवला नाही, तिचं म्हणे तोंड! हे पहिल्यांदा कोण बोललं ते विजयमालानं पाणवठ्यापासून पिठाच्या गिरणीपर्यंत शोधलं. प्रत्येक जण दुसऱ्याकडं बोट दाखवी. मेलेल्याला दोष देता येत नाही, बाजाराला जाब विचारता येत नाही. बायको मात्र हाताशी असते, तिच्या माथी काहीही मारता येतं.

या पोरीला एकदा तरी पोट धरून हसवायचं, असं विजयमालानं मनाशी ठरवलं होतं. म्हणून ती साहेबाला म्हणाली, "दाखवाचाच हाये तं ढोल्याचा पिक्चर दाखवा."

त्या पिक्चरचं खरं नाव कोणालाच ठाऊक नव्हतं. जाड्या माणसाला इकडं ढोल्या म्हणतात आणि त्यात एक जाड्या सारखा पडत असे, म्हणून ढोल्याचा पिक्चर. विजयमाला लहान असताना दारव्ह्याच्या बाजाराच्या पटांगणात तंबूचं टॉकीज लागायचं. तंबूच्या मधोमध कापडाचा पडदा, अलीकडं पुरुष, पलीकडं बाया. चित्र कापडातून आरपार दिसे, फक्त उलटं. बायांना त्याचं काही नव्हतं. गंमत अशी की भोंगा पुरुषांच्या बाजूला तोंड करून टांगलेला असायचा. पडद्यामागं नुसता घोंगाट यायचा, शब्द एकही कळायचा नाही.

मग शब्द कोण पुरवणार? विजयमालाची आई, वच्छलाबाई! ती जे पाही त्याला बेधडक बोलणं जोडून देई आणि सगळ्या बाया तिच्याभोवती गोळा होत. ढोल्या बाटली तोंडाला लावतो, पोट धरून लोळतो, मग ताडकन उठून धावत सुटतो, ही सगळ्यांची लाडकी जागा. "पाहा वं, बाईनं याले एरंडेल पाजलं," वच्छलाबाई सांगे. "आता कसा तांब्या घेऊन पयते पाहा!" शेवटी ढोल्याची बायको खाली वाकून त्याच्या पायाशी काहीतरी करी. "आता बसली धोतर पुसत, काय करते बिचारी!" की बायांच्या डोळ्यांतून पाणी. विजयमाला आईच्या मांडीवर हसून हसून गडबडा लोळली होती. आई गेली, तंबू गेला, पण एरंडेलाचं नाव काढलं की तिला अजून हसू फुटायचं.

हे ती घरी सांगत होती तेव्हा वामनराव, तिचा नवरा, जेवत होते. घास हातातच राहिला.

"थोच पिक्चर कायले? दुसरा एखांदा सांगाचा," ते म्हणाले.

"काहून? काय वाईट हाये त्याच्यात?"

"वाईट काई नाई. जुना हाये, आता कोन हासते."

"तुमी नका हासू," विजयमाला म्हणाली. वामनरावांनी पुन्हा ताटात लक्ष घातलं. त्या माणसाची ही खोडच होती. तोंडाशी आलेलं गिळायचं आणि वर पाणी प्यायचं.

पिक्चर दारव्ह्याच्या जफरनं आणला. तंबूचं टॉकीज त्याच्या अब्बांचंच होतं. आता जफर मोटारी दुरुस्त करायचा आणि लग्नकार्यात पडदा, मशीन भाड्यानं द्यायचा. संस्थेनं त्यालाच धरलं. भर दुपारी समाजमंदिराच्या खिडक्यांना ताडपत्र्या लावून अंधार केला. पुरुष पुढं खुर्च्यांवर, बाया मागं सतरंजीवर. विजयमालानं सुरभीला अक्षरशः हाताला धरून आणलं. जाऊ मागून बडबडत आलीच, "लोकं काय म्हनतीन, पोरगी पिक्चर पाह्यते."

"लोकायनं म्हनाचं काई बाकी ठेवलं का?" विजयमालानं तिला तिथंच गप्प केलं. सुरभीला म्हणाली, "बस मायाजवळ. पोट दुखेपर्यंत हासशीन, पाह्यजो."

सुरुवात छान झाली. ढोल्या बैलगाडीतून पडला, बैलानं त्याची टोपी खाल्ली, तो शिडीवर चढला आणि शिडीसकट सावकाराच्या अंगावर कोसळला. माणसं हसत होती, नको नको म्हणत हसत होती. विजयमालाला एकच गोष्ट चुकल्यासारखी वाटली. ढोल्याच्या गालावरचा मस दुसऱ्या गालावर होता. मग तिला कळलं की आज ती पहिल्यांदाच पडद्याच्या पुरुषांच्या बाजूला बसली आहे. ती स्वतःशीच हसली. ढोल्या कापसाच्या ढिगात डोकं खाली, पाय वर असा रुतून बसला आणि त्याच्या पायांना धरून तिघं ओढू लागले, तेव्हा शेजारून एक बारीक आवाज आला. सुरभी हसली होती. पदर तोंडाशी धरून, पण हसली होती. विजयमालाला वाटलं, उठावं आणि त्या साहेबाच्या पाया पडावं.

मग ती जागा आली. ढोल्यानं बाटली काढली.

"आता पाह्य," विजयमाला सुरभीच्या कानाशी म्हणाली. "आता एरंडेल पेते."

भोंगा आज सगळ्यांकडं तोंड करून होता. पडद्यावर ढोल्या मित्राला डोळा मारून म्हणत होता, "बाटलीत काकवी, वर चिठ्ठी ढेकणाच्या औषधाची! बायकोला वाटेल नवऱ्यानं विष घेतलं. बघ कशी सरळ होते!" मग त्यानं अंगणात उभं राहून हाका मारल्या, "ऐका हो ऐका! बायकोच्या तोंडाला कंटाळून मी जीव देतो आहे!" बाटली रिकामी केली, जीभ बाहेर काढली आणि पोट धरून गडाबडा लोळायला लागला. बायको घरातून धावत आली. मित्र छाती पिटत तिला म्हणाला, "वहिनी, औषधानं नाही, तुमच्या जिभेनं मारलं हो त्याला!"

पुढच्या खुर्च्यांमधून हशा आला. सवयीचा होता, मोठा होता, मग कोणाच्या तरी लक्षात आलं आणि तो अर्ध्यात तुटला. सगळ्यांचा नाही. दोघं-तिघं हसतच राहिले.

 क्षणभर विजयमालाला आईचाच राग आला. मग तिनं पुढं पाहिलं. वामनराव खुर्चीत मान खाली घालून बसले होते. त्यांना धक्का बसला नव्हता. त्यांना ठाऊक होतं. या पुढं बसलेल्या, दाढ्या पांढऱ्या झालेल्या सगळ्यांनी लहानपणी हा भोंगा सरळ ऐकला होता, शब्द न् शब्द. घरात जेवताना हा माणूस 'जुना हाये' म्हणाला आणि पोरीला इथं येऊ दिलं! एवढं तोंड उघडायला त्याला काय मजुरी पडणार होती?

"जफरभाऊ, बंद कर थे!" ती ओरडत उठली. "बंद कर म्हनतो ना!"

"हो ताई, करतो," म्हणून जफर मशीनकडं वळला. साहेब उभा राहिला, "ताई, विनोद आहे तो, मनावर घेऊ नका."

"तुया घरात मेलं का कोनी औषध पिऊन? मंग मले कायले शिकोते इनोद!"

तेवढ्यात तिचा पदर कोणी तरी ओढला. सुरभी होती.

"चालू राहू द्या मोठीआई," ती म्हणाली. इतक्या दिवसांनी निघालेला आवाज, घोगरा. "मले पाह्यचं हाये पुढं काय होते थे."

जफरचा हात तसाच राहिला. पडद्यावर ढोल्याच्या अंगावर काकवीनं मुंग्या चढल्या, त्या चावल्या आणि मेलेला ढोल्या किंचाळत उठून अंगणभर नाचला. बायको रडत त्याच्या पायांवर पडली. "पुन्हा कधी तोंड उघडणार नाही धनी," ती म्हणाली. धोतर पुसत नव्हती ती. माफी मागत होती.

"बस्स," सुरभी म्हणाली. "आता करा बंद."

जफरनं मशीन बंद केलं आणि एका खिडकीची ताडपत्री सोडली. डोळे दिपतील असं ऊन आत आलं. सुरभी उभी होती.

"थो उठला," ती म्हणाली. "म्हून त्याची बायको पाया पडली. मायावाला उठला असता तं मी पाया नसती पडली. दोन थोबाडीत देल्ल्या असत्या. इचारलं असतं, मले मांगं टाकून कायले गेलता बे? मले एक शबद सांगाले काय झालं होतं तुले?"

"चूप बस वं!" सासू किंचाळली. "मेलेल्या मानसाले बोलते!"

"बोलीन! त्याले नाई बोलू तं कोनाले बोलू? सारं गाव मले बोलते. आमी त्या दिवशी भांडलो बी नाई. त्यानं भाकर मांगतली, मी बांधून देल्ली. थो हासून गेला." तिचा आवाज फाटला, पण ती थांबली नाही. "अन् मंग चौकशीवाले आले. इचारलं, नवरा-बायकोचं पटत होतं का. मी आत होती, भिताडाले टेकून, सारं आयकत. मोठेबाबा म्हने, पटत होतं, पन पोरीचं तोंड थोडं जास्त होतं."

विजयमालानं तेव्हा गिरणीपर्यंत शोध घेतला होता. आणि तो माणूस, तिचाच नवरा, रोज तिच्याच हातचं जेवत होता.

वामनराव उठले. कोणाकडं न पाहता खुर्चीवरची टोपी उचलली. "हे घरी बोलू," असं पुटपुटत दाराकडं निघाले. त्यांच्यामागं आणखी दोघं-चौघं उठले. पिक्चर संपला की माणसं उठतातच. पण दार एकच होतं आणि विजयमाला त्यांच्याआधी तिथं पोचली. दोन्ही हात चौकटीला लावून उभी राहिली.

"बसा," ती म्हणाली. "हासाले आलते ना? मंग आता आयकाले बसा."

"सरक ना वं, तमाशा करते का गावात?"

"तमाशा झाला. तुमीच करून ठेवला. बसा म्हनतो."

एकेक जण मागं फिरून बसला. साहेबही बसला. वामनराव तेवढे मधेच उभे राहिले, आणि सुरभी त्यांच्यासमोर आली. सासऱ्याच्या मोठ्या भावापुढं सून अशी कधी उभी राहिली नव्हती, पदर खांद्यावर, मान वर.

"मोठेबाबा," ती म्हणाली, "सांगा. कवा आयकलं तुमी मायं तोंड? एक दिवस सांगा."

वामनरावांचे ओठ हलले. चौकशीच्या साहेबांपुढं काहीतरी म्हणावं लागतं, असं काहीसं ते म्हणू पाहत होते. ते वाक्य पुरं झालं नाही. त्यांनी भिंतीकडं पाहिलं, मग फरशीकडं.

"नाई आयकलं," ते म्हणाले.

"मोठ्यानं बोला," विजयमाला म्हणाली.