ब्रेक मारायचा नसतो

मी एटीव्ही बोलतेय. नाव जड वाटत असेल तर नुसतं गाडी म्हणा. चार फुगीर चाकं, मोटारसायकलसारखं हँडल, पुढेमागे सामान बांधायला लोखंडी जाळ्या, आणि आवाज असा की मी आल्याचं घरच्यांच्या आधी कुत्र्यांना कळतं. मोटारी मला आपल्यातली मानत नाहीत, मोटारसायकलीही नाहीत. न मानोत बापड्या! जिथे त्यांची बोबडी वळते, तिथून माझी वाट सुरू होते.

कारखान्यातून निघाले ती थेट डोंगरावरच्या काका-काकूंकडे आले. त्यांचा धंदा मधमाश्यांचा. उन्हाळाभर मधपेट्या माथ्यावरच्या फुलांत ठेवायच्या आणि थंडी पडायच्या आत खालच्या उबदार कुरणात आणायच्या. वर नेताना कधी त्रास झाला नाही. चढावर सगळेच शहाणे असतात, खरी परीक्षा उताराला.

काकांनी मला बरीच वर्षं चालवलं. मग या उन्हाळ्यात पेट्या वर पोचवल्यावर त्यांचा गुडघा रुसला आणि मी शेडमध्ये पडले. धूळ खाल्ली, गंज चढला, एका कोंबडीने तर माझ्या सीटवर संसार थाटला. मला लाडकी म्हणणारे काका माझ्यावर रिकामी पोती टाकू लागले. माणसांची माया कधीकधी गुडघ्यावर अवलंबून असते.

यंदा थंडी लवकर आली आणि पेट्या अजून वरच. काकूंनी कंबर कसली. "मी चालवते," म्हणाल्या.

"अगं, तू?" म्हणत काका मागे बसले. मागे बसलेल्या माणसाला दोनच कामं असतात, घाबरणं आणि शिकवणं.

पहिली पेटी घेऊन उतरताना मोठं वळण आलं आणि काका ओरडले, "ब्रेक मार! अगं, ब्रेक मार!"

काकूंनी मारला. नवऱ्याचं ऐकलं, तेही शब्दशः. सगळी बोटं आवळून त्यांनी पुढच्या ब्रेकची दांडी दाबली आणि माझी पुढची चाकं जागीच थिजली. चाकच फिरत नसेल तर हँडल वळवून काय उपयोग? हँडल डावीकडे, मी सरळ, समोर काटेरी झुडूप. पेटी कलंडली, झाकण उघडलं, आणि चवताळलेल्या माश्यांना सगळ्यात आधी सापडलं काकांचं नाक.

"बास झालं," संध्याकाळी टोमॅटोएवढं नाक घेऊन काका म्हणाले. "शनिवारी गिऱ्हाईक बोलावतो. गाडी विकून टाकू."

"अहो, मग वरच्या पेट्या?"

वरच्या माश्या थंडीत गारठून मरणार, हे दोघांनाही ठाऊक होतं. काकूंचे डोळे भरून आले. मला रडता येत नाही, पण थोडं तेल गळलं.

दुसऱ्या दिवशी काकूंनी नणंदेला बोलावलं. तिचं खाली गॅरेज आहे. नणंद-भावजयीचं फार सख्य आहे असं नाही, पण काकांना गप्प करायचं असलं की दोघी एक होतात.

नणंदेने हँडल हलवून पाहिलं. "वहिनी, सांधे इतके ढिले झालेत की तुम्ही म्हणता डावीकडे, आणि चाक म्हणतं, बघू विचार करून!" तिने सांधे बदलले, ब्रेकच्या नळीत शिरलेली हवा काढली, दगडांवर पकड बसावी म्हणून टायरमधली हवा जराशी कमी केली. ब्रेकची दांडी काकांच्या पंज्याला बेतलेली होती, ती काकूंच्या आखूड बोटांजवळ आणली. मला तर नवा जन्मच मिळाला.

"मी वेळेवर सांगितलं होतं, ब्रेक मार म्हणून," काका कुरकुरले.

"तिथंच तर घोळ झाला, दादा! मारायला त्याने काय घोडं मारलंय तुझं? वहिनी, लिंबू पिळताना बी पडू नये म्हणून कसं हळूहळू दाबता, तसं दाबायचं. तेही वळणाच्या आधी. वळणात शिरलात की हात सैल, अंग मागे, गिअर खालचा. आणि झुडपाकडे बघू नका, जायचंय तिकडे बघा."

काकूंनी रोज रिकाम्या गाडीवर सराव केला. शनिवारी सकाळी माथ्यावर जाऊन भरलेली पेटी मागच्या जाळीवर घट्ट बांधली. "ही नीट उतरली तर ठेवू गाडी," काका म्हणाले आणि मागे बसले. खाली गिऱ्हाईक येऊन उभं होतं.

वळण आलं. काकूंनी आधीच दांडी दाबली, अलगद, मग थोडी आणखी. खडी घरंगळली, मागचं चाक जरा सरकलं. त्यांनी बोटं सैल केली, नजर वाटेवर ठेवली, आणि मी वळले! काकांनी सीट गच्च धरली होती, पण तोंडातून चकार शब्द काढला नाही.

खाली पोचल्यावर काकांनी पेटीला कान लावला. आत संथ गुणगुण चालली होती. त्यांचा चेहरा खुलला.

"गाडी कितीला देणार?" गिऱ्हाइकाने विचारलं.

काका तोंड उघडणार, तेवढ्यात काकू म्हणाल्या, "गाडी विकायची नाही. मागे बसलेले गृहस्थ हवे असतील तर बघा. फार चाललेले नाहीत, आणि आजपासून आवाजही कमी करतात."

सगळ्यात मोठ्याने काकाच हसले आणि पुढची पेटी आणायला आपणहून मागे जाऊन बसले.

तर मंडळी, तुमच्याकडे माझी एखादी बहीण शेडमध्ये पडली असेल, तर तिच्यावरची पोती काढा, सांधे तपासा, आणि ब्रेकची दांडी जो चालवणार आहे त्याच्या बोटांना बेतून द्या. उतारावर तुमच्याइतकीच भीती आम्हालाही वाटते हो. बरं, निघते. काकूंनी किल्ली फिरवलीय.